नातीच्या नावापुरती वाईन

दुपारचं ऊन खिडकीच्या गजांतून सरकत संगणकापाशी आलं, तसं श्यामलाकाकूंना वाटलं, आता उपेंद्र आत येतील आणि चहा मागतील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

काकूंचे पती उपेंद्र पंचवटीतले तीर्थोपाध्याय. यजमानांच्या पिढ्यांची नामावळी त्यांनी आधी चोपड्यांत लिहिली, मग मराठी टायपिंगच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. दिंडोरीच्या नवसाबाई एकदा म्हणाल्या होत्या, "गुरुजी, नातीचं बी नाव लिवा. बारसं झालं की फोन करते." चोपडीत लेकीबाळींची नावं लिहायची रीत नव्हती. उपेंद्र हसले. "कॉम्प्युटरला कुठं माहीत आहे रीत?" 'नात' एवढं लिहून त्यांनी पुढे जागा सोडली. फोन आला तेव्हा ते दवाखान्यात होते. नाव काकूंनी ऐकलं आणि मनात ठेवलं. नंतर संगणकापुढच्या त्यांच्या खुर्चीत बसायचा धीरच झाला नाही.

आणि उद्या नवसाबाई नातीला घेऊन येणार होत्या, तिचं नाव तिला दाखवायला.

जुना संगणक उन्हाळ्यातच बंद पडला होता. पुतणी वल्लरीने फायली वाचवून दुसऱ्यावर ठेवल्या, पण त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. फाईल उघडली की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. वारुळातून मुंग्या उसळाव्यात तशी.

"काकू, वाईन टाकावी लागेल," वल्लरी म्हणाली.

काकू ताडकन उठल्या. "या खोलीत? नामावळीच्या कपाटासमोर?"

"अगं, पिण्याची नव्हे! विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवतं ना, त्याचं नाव वाईन."

"नाव ठेवणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही?"

"तो नाशिकचा नव्हता गं, नाहीतर तुला विचारून ठेवलं असतं."

वल्लरीने वाईन घातली, जुना फॉन्टही आत नेऊन ठेवला. काकू बघत राहिल्या. राखाडी चौकट उघडली, तीच, कोपऱ्यातल्या इवल्याशा दौतीसकट. गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागावेत तशी नावं वर आली. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ. सगळे कधीतरी घाटावर भिजलेले. आणि शेवटी 'नात', तिच्यापुढे लुकलुकणारी उभी रेघ. जणू उपेंद्र आत्ताच उठून पाणी प्यायला गेले होते.

"सांग, मी टाइप करते," वल्लरी म्हणाली.

"तुला या कळा यायच्या नाहीत."

काकू खुर्चीत बसल्या. उपेंद्रांनी शिकवलेली अक्षरं कुठल्या कळांवर होती, ते डोक्याला आठवेना, बोटांना आठवलं. अ. वर अनुस्वार. ज. ली.

अंजली.

वल्लरी चौकट बंद करायला गेली, तसा पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला.

"सेव्ह करायचं का, विचारतोय," वल्लरी म्हणाली.

"हो," काकू त्याला मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग कळ दाबली.