शेवटच्या कागदाखालचा आकडा

सरकारच्या प्रतीत सत्तेचाळीस पानं होती. तीनदा मोजली, तिसऱ्यांदा मागून पुढे. जिल्ह्याच्या प्रतीत अठ्ठेचाळीस. कागद तोच, शिवण तीच, चाळीस वर्षांपूर्वीचा करारही तोच. पानांना क्रमांक नव्हते. जास्तीच्या पानावर एकच कलम होतं, अगदी तळाच्या ओळीपर्यंत गेलेलं: जिल्ह्याला मतदान घेऊन देशातून वेगळं होता येईल.

जिल्ह्याने मतदान घेतलं होतं आणि जिल्हाध्यक्ष तुरुंगात होते. कलम खरं असेल तर ते सुटणार, नसेल तर बंडखोर ठरणार. न्यायालयाच्या हुकमाने दोन्ही प्रती तपासणीसाठी आमच्या सरकारी प्रयोगशाळेत आल्या.

"पान घुसडलंय, दुसरं काय!" आमचे साहेब म्हणाले.

"घुसडलंय, की तुमच्याकडून गळालंय?" अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. "चोराच्या मनात चांदणं, साहेब."

मला दोघांचाही भरवसा वाटेना. साहेबांनी सरकारची प्रत ठेवलेल्या कपाटाची किल्ली आठवडाभर स्वतःच्या खिशात ठेवली होती. बाईंनी प्रत तीन कापडांत गुंडाळून आणली होती आणि तिच्यावरून नजर हटवत नव्हत्या.

दोन्ही प्रती बांधणारे आजोबा हयात होते. मी त्यांना गाठलं.

"बांधून झालं की पानं मोजायची," ते म्हणाले. "मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडा टाकायचा आणि वर कागद चिकटवायचा. उद्या कोणी पान फाडलं तर आपल्यावर बालंट नको."

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"विचारलंय कोणी, पोरी? तूच पहिली."

"म्हातारा त्यांच्याच जिल्ह्यातला," साहेब म्हणाले. "त्याच्या शब्दावर पुरावा सोलणार?"

शंका रास्त होती. म्हणून आजोबांनी त्याच वर्षी बांधलेली जन्मनोंदीची वही मी मागवली. पानं बासष्ट. शेवटचा कागद वाफेवर सोडवला. खाली बासष्ट.

"आता करार," मी म्हणाले.

बाईंचा हात पटकन आपल्या प्रतीवर गेला. "आधी त्यांची करा ना, ताई."

"छे! आधी त्यांची," साहेब म्हणाले. किल्ली अजून खिशातच होती.

मी साहेबांकडून किल्ली मागून घेतली, दुसरी किटली तापत ठेवली आणि दोघांसमोर दोन्ही कागद एकदमच सोडवले.

जिल्ह्याच्या प्रतीखाली एकोणपन्नास. सरकारच्या प्रतीखाली एकोणपन्नास.