वाल्बुर्गाच्या तळघरातला हौद

मी एक जुना, ओकच्या लाकडाचा हौद आहे, आणि आधीच सांगतो, मला कुणाची कीव नको. मित्रांनो, माझ्या पोटात बिअर तयार होते. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. तुम्ही लहान आहात. तुम्हाला प्यायला सांगत नाही, ऐकायला सांगतोय. तुमच्या घरी दुधाला विरजण लावतात, त्याची कुणाला लाज वाटते का? माझं कामही त्याच जातीचं, फक्त थंडीतलं आणि सावकाशीचं. आमचं यीस्ट गारठ्यातच काम करतं आणि काम संपलं की तळाशी जाऊन बसतं. त्याला घाई केलेली खपत नाही. मलाही नाही.

माझा जन्म याच तळघरातला. जिना अरुंद म्हणून पिंपं बांधणाऱ्या सुतारानं फळ्या एकेक करून खाली आणल्या आणि इथेच लोखंडी पट्ट्या ठोकून मला उभं केलं. त्यामुळे रस्ता मी कधी पाहिलेला नाही. वरच्या जगाचं मला जे कळतं ते जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडून.

आमच्या गल्लीत बिअर करण्याचा हक्क घराला असतो. जव आणि हॉप्सची कडू फुलं सगळे गावाच्या सामायिक भट्टीवर उकळतात, ज्याची पाळी त्यानं. मग ते गोड-कडू पाणी रात्रभर निवतं आणि सकाळी ज्याच्या त्याच्या तळघरात उतरतं. बिअर तयार झाली की त्या घरावर सहा टोकांची चांदणी टांगायची. मग सारी गल्ली त्याच्या स्वयंपाकघरात बाकं अडवून बसते. आमच्या घरी लोक घोट घेऊन म्हणायचे, "कास्पारच्या हाताला चव आहे." कास्पार मिशीत हसायचा. माझ्या पोटात वाकून, गुडघे सोलून मला घासायची ती त्याची बायको वाल्बुर्गा. तिच्या हाताबद्दल कुणी कधी बोललं नाही. मी ऐकत होतो, म्हणून सांगतोय.

मग कास्पार गेला. वाल्बुर्गानं मला शेवटचं घासलं, कोरडं पुसलं, खिडकी उघडून वारा दिला आणि वर त्याच्या आईनं विणलेली चादर घातली. तिनं हे मायेनं केलं आणि मला जवळजवळ मारलं. लाकडाचा हौद ओलाच ठेवावा लागतो. मी सुकलो, आक्रसलो, फळ्याफळ्यांतून उजेड दिसू लागला.

जे घर वर्षभर बिअर करत नाही त्याची चिठ्ठी पाळ्या ठरवणाऱ्या सोडतीतून कायमची काढून टाकतात. वर्ष भरत आलं तेव्हा ओट्मार खाली आला. तो बिअर करणाऱ्या घरांचा प्रमुख. त्यानं माझ्या फटीत बोट घालून पाहिलं.

"वाल्बुर्गा, तुझ्या भल्याचं सांगतो, आपणहून चिठ्ठी मागे घे. घरात पुरुष नाही. भट्टीत लाकडं कोण सारणार? आणि याला मधोमध कापून अंगणात ठेव, जिरेनियमची फुलझाडं लाव. शोभून दिसेल."

"तुझ्या स्टीलच्या टाकीत लाव जिरेनियम," ती म्हणाली. "चकाकते तरी."

"आणि यीस्ट? या आठवड्यात ताजं फक्त माझ्याकडे आहे. ते मागायला येऊ नकोस."

आमच्या गल्लीत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. यीस्ट विकायचं नाही आणि नाकारायचं नाही, एवढं पोरांनाही कळतं.

तो गेला आणि वाल्बुर्गानं चादर ओढून फेकली. बादल्या भरून पाणी ओतायला लागली. पाणी आत आलं तसं चहूबाजूंनी बाहेर गेलं. तिनं पुन्हा ओतलं. ओट्मारची बायको गेर्लिंडे जिन्यावरून वाकून म्हणाली, "मासे पाळतेयस का गं?" "खेकडे," वाल्बुर्गा म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सोबत." गेर्लिंडे हसली आणि परत जाताना दोन बादल्या भरून देऊन गेली. मी पाणी पीत राहिलो, फुगत राहिलो. एका सकाळी जमीन कोरडी होती आणि मी काठोकाठ भरलेला होतो.

पुढचं मी पाहिलं नाही, पण इतक्या जणांनी खाली येऊन सांगितलंय की पाठ झालंय. ओट्मारच्या घरावर चांदणी होती, बाकं भरली होती. वाल्बुर्गा दुधाचा कॅन घेऊन आत शिरली आणि तो त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"यीस्ट दे."

ओट्मार म्हणाला, संपलं. गेर्लिंडे हातात मग घेऊन उभी होती. तिनं विचारलं, मग सकाळी टाकीच्या तळातून आपण काढलं ते काय साबणाचा फेस होता? लोक हसले. ओट्मारचं तोंड लाल झालं.

"आहे. देत नाही. विधवेच्या हट्टापायी गावाचं नाव खराब व्हायला नको."

आमच्याकडे मगाला कथलाचं झाकण असतं. उघडं ठेवलं की आणखी ओता, मिटलं की पुरे. ओट्मारच्या सख्ख्या भावानं अर्धा भरलेला मग पुढे सरकवला आणि झाकण मिटलं. मग शेजारच्यानं. मग पलीकडच्या बाकावर. ओट्मार भरलेला जग धरून मधोमध उभा, आणि ओतायला एक उघडं तोंड नाही. तोवर गेर्लिंडे कॅन भरायला त्यांच्या तळघरात उतरलीसुद्धा होती.

आमच्या घराची पाळी आली तेव्हा भट्टीत लाकडं वाल्बुर्गानं स्वतः सारली. मनगटावर भाजल्याचा डाग घेऊन ती सकाळी खाली आली. नळीतून ते निवलेलं गोड-कडू पाणी माझ्यात पडलं, वर यीस्ट. पहिल्या दिवशी काही हललं नाही. ती पायरीवर बसून होती, जेवलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कडेनं पांढरा फेस धरला आणि मग फुलून वर आला. ती रडली, पण माझ्यात एक थेंब पडू दिला नाही.

सोडतीच्या दिवशी ओट्मारनं चिठ्ठी उघडून वाचलं, "कास्पारचं घर." वाल्बुर्गा उभी राहिली. म्हणाली, "कास्पार कबरीत आहे. हौद मी घासते, भट्टी मी पेटवते. नीट वाच." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मदतीला कुणी आलं नाही. मग त्यानं वाचलं, "वाल्बुर्गाचं घर." जरा हळूच वाचलं. तिनं पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे शिकवतात. मी तसलं काही मागत नाही. पुसून, झाकून, हळहळत ठेवलेली वस्तू मेलेलीच असते, आणि माणसाचंही फार वेगळं नसतं. आम्हाला घासा, भिजवा, भरा, राबवा. आणि चव चांगली लागली तर घासणाऱ्या हाताचं नाव घ्या, मोठ्यानं घ्या.

आता पुरे. मी भरलेला आहे आणि माझं काम चालू आहे.