खिडकीखालची वास्तू

"'या जमिनीवर माझा कोणताही मालकी हक्क नाही…'" नेत्राने कागद वाचायला घेतला आणि शिऱ्याचा रवा भाजता भाजता मी ओरडलेच, "गप्प बस! घरात असलं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"आई, कमॉन! अकराला हिअरिंग आहे. साइन केलं नाहीस तर घराचा टॅक्स कमी होणार नाही."

"करते ना सही. पण बाहेर जाऊन."

लेकीने कपाळाला हात लावला. अगदी बापासारखा.

आमचं घर आमचं, पण खालची जमीन एका ट्रस्टची. ट्रस्टने ती सरकारी अनुदानातून घेतली आणि वर घरं बांधून आमच्यासारख्यांना स्वस्तात दिली. पुढे विकायचं झालं, तर आम्हीही ते स्वस्तातच विकायचं. मी शाळेच्या कॅफेटेरियात जेवण वाढणारी, हे मोटारींच्या पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर. एरवी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या जवळपास आम्हाला घर कुठलं परवडायला? पण हळूहळू शेजारी आयटीवाल्यांचे बंगले उठले आणि टॅक्सवाल्यांनी आमचं घरही त्याच भावात धरलं, जमिनीसकट. हे गेल्यावर माझ्या एकटीच्या पगारात तो टॅक्स झेपेना. घर सोडायची पाळी आली होती.

आणि या घराची वास्तुशांत तर मला कालची वाटते. २००१ साल. गुरुजी म्हणून आलेला श्रीरंग एरवी कॉम्प्युटरवाला. "मोहनकाका, वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची," तो ह्यांना म्हणाला. पुरणार कुठे? वर कार्पेट, खाली काँक्रीट. हे सोवळ्यानिशीच खुरपं घेऊन बाहेर पळाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उकरायला बसले.

"अहो, जमीन ट्रस्टची आहे. विचारलंत का कुणाला?"

"अगं, आपला देव पुरला की झाली आपली!" गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा असा फुललेला. तसा मी तो पुन्हा कधी पाहिला नाही. तीन वर्षांनी हे गेले. पण सणासुदीचा नैवेद्य मी त्या खिडकीखाली ठेवतच आले.

सही मी टॅक्स ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये, गाडीच्या बॉनेटवर केली. आत तिघांचं बोर्ड बसलं होतं. मधल्या बाईंनी विचारलं, "मिसेस बापट, जमीन तुमची अजिबात नाही?"

खोटं बोलत नव्हते, तरी वाटलं, खिडकीखाली उकरत बसलेल्या ह्यांच्या तोंडावर बोलतेय.

"नाही," मी म्हणाले. "ट्रस्टची आहे."

"घर विकलंत तरी बाजारभाव मिळणार नाही?"

"नाही. पण मला विकायचंच नाहीये."

तिघांनी आपसात बोलून आकडा बदलला. ट्रस्टच्या स्वस्त दराने फक्त घर धरलं, जमीन वगळली. एवढा टॅक्स मला झेपणार होता.

"वी वन!" नेत्राने गाडीत मला मिठी मारली आणि मी हमसून हमसून रडायला लागले. "आता काय झालं? घर राहिलं ना!"

"बाबांची जमीन देऊन आले गं."

घरी आल्यावर मी सकाळचा शिरा वाटीत घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले, तर नेत्रा आपणहून माझ्यामागे आली. मी वाटी खिडकीखाली ठेवली.

"आता बोललं तर चालेल?" तिने हळूच विचारलं.

"बोल. पण नीट बोल."

तिने हात जोडले. शब्द जुळवत म्हणाली, "आई इथेच राहणार आहे."

वास्तू काय म्हणते ते ऐकायला मी कान देऊन उभी राहिले.