अकरा मिनिटं, मोठ्या जाळावर

दोघी जावांमधून विस्तव जात नव्हता, आणि त्यांची कंपनी तर विस्तवावरच चालायची. थोरली बिया भाजायची, धाकटी विकायची. सहा वर्षांपूर्वी घरातल्या ओट्यावर भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया भाजून, तेल नाही, साखर नाही असं सांगत त्यांनी पहिली पाकिटं भरली. आता पत्र्याची मोठी शेड होती, पाकिटं भरायला बारा बायका होत्या. भाजायला मात्र अजून तीच कढई आणि एकटी थोरली.

थोरली घड्याळ बघत नसे. बियांची तडतड मंदावली की तिला कळायचं. पोतं दमट असलं तर जास्त वेळ, कोरडं असलं तर कमी. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ते शिकवून येत नाही." खरं तर तिने कधी कुणाला शिकवूनच पाहिलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी धाकटीने भाजायचं यंत्र आणलं. यंत्राला मिनिटं सांगावी लागतात, आणि थोरलीच्या भाजण्याला मिनिटंच नव्हती. चार वेळा बिया कच्च्या राहिल्या आणि यंत्र ताडपत्रीखाली गेलं. थोरली रोज त्या ताडपत्रीवर आपली ओली पिशवी वाळत घालायची. मुद्दाम.

"मंगळवारी मोठ्या दुकानांचा खरेदीदार येतोय," एक दिवस धाकटी म्हणाली. "ऑर्डर मिळाली की कढई बंद. कसंही करून यंत्र बसवून घेते."

"आणि मी काय करायचं?"

"आराम करा ना, ताई. वय झालं आता."

पंचेचाळिशीच्या बाईला वय झालं म्हणते! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कढईमुळे घरात तिच्या शब्दाला वजन होतं. कढई गेली की ती पुन्हा कुणी न विचारणारी थोरली सून. पण ऑर्डरच मिळाली नाही तर?

मंगळवारी तिने जाळ मोठा केला आणि उलथनं नावापुरतं फिरवत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. तडतड थांबली, धुरकट वास सुटला, तरी हलली नाही. अकरा मिनिटं.

खरेदीदार जाडजूड आणि अबोल होता. त्याने चिमूटभर बिया तोंडात टाकल्या आणि बराच वेळ चावत राहिला. थोरलीने हसू दाबून धरलं.

"बाकीच्यांच्या बिया म्हणजे पोपटाचा खुराक," तो शेवटी म्हणाला. "याला चव आहे. आठवड्याला बारा हजार पाकिटं द्या. पण अगदी अशाच हव्यात, तसूभर फरक नको."

धाकटीनेही दोन बिया चावल्या आणि थोरलीकडे पाहिलं. सहा वर्षं थोरलीच्या हातचं खाल्लेल्या बाईला वेगळं काय सांगायचं? खरेदीदार गाडीत बसेपर्यंत ती गोड हसत होती.

"करपवल्यात तुम्ही," मग ती म्हणाली.

"खरपूस आहेत."

"ऑर्डर हातची जावी म्हणून करपवल्यात."

"खरपूस आहेत म्हटलं ना! ठरवून भाजल्यात."

"ठरवून?" धाकटीने वही उघडली. "मग सांगा, किती मिनिटं?"

माहीत नाही म्हणावं, तर करपवल्याची कबुली. "अकरा," थोरली फणकारली. "मोठ्या जाळावर." आणि लगेच तिने जीभ चावली.

धाकटीने आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. नीट भाजायला थोरली लागत होती, करपवायला घड्याळ पुरणार होतं. दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या बाईने स्वतःचं नाक कापून धाकटीच्याच हातात दिलं होतं.

पुढच्या सोमवारी थोरली आली तेव्हा ताडपत्री निघाली होती आणि तिची पिशवी खिळ्याला लटकत होती. कढई घासून उपडी घातली होती. यंत्राची घंटी वाजली आणि बिया बाहेर पडल्या, हुबेहूब मंगळवारसारख्या.

धाकटीने तिच्यापुढे लेबलांचा गठ्ठा ठेवला. वर ठसठशीत अक्षरं होती: 'थोरलीच्या हातच्या खरपूस बिया'.

"तुमचंच नाव घातलंय, ताई. सरळ चिकटवा."

बारा बायका बघत होत्या. थोरलीने पहिलं लेबल चिकटवलं. मागे यंत्र पुन्हा सुरू झालं. सवयीने तिने तडतडीकडे कान लावला, पण यंत्राचं झाकण जाड होतं आणि आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.