अक्काचं त्रिनिदाद

उचगावात नीलम्माच्या डंकावर मसाला कुटायला आलेल्या बाईला मिरचीच्या ठसक्याबरोबर आणखी एक गोष्ट फुकटात मिळायची. वेस्ट इंडीजच्या बेटांची ताजी बातमी. क्रिकेटची नव्हे, क्रिकेटचं तिला वावडंच होतं. धावणं, उड्या, आणि सगळ्यांच्या वर भालाफेक.

"सेंट लुसियाच्या पोरीनं पॅरिसात शंभर मीटरला अमेरिकेच्या पोरीस्नी मागं टाकलं," ती डंकाच्या दणदणाटावर आवाज चढवून सांगायची. "त्या बेटाला आजवर ऑलिंपिकचं एक मेडल न्हवतं, हिनं थेट सोनं आणलं! आन् ग्रेनेडा? आपल्याकडं आजरा तालुक्यात जेवढी माणसं, तेवढीच तिथं आख्ख्या देशात. तरी जगात नंबर काढत्यात."

"तुमचं कोण हाय वो तिकडं, मावशी?" एखादी बाई पदरानं नाक पुसत विचारायची.

"हाय की. पोरगा हाय माझा. त्रिनिदादला."

नव्या बाईला ते खरंच वाटायचं. जुन्या बाया हसायच्या. नीलम्माला सुष्मिता ही एकच मुलगी, आणि ती सांगलीला शाळेत शिकवत होती, हे सगळ्या उचगावाला ठाऊक होतं. त्रिनिदादचा पोरगा म्हणजे केशॉर्न वॉलकॉट, भाला फेकणारा.

हे नातं जुळलं ते तिचा नवरा गेला त्या वर्षी. दिवसकार्य उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले होते, डंक बंद होता, आणि घरात भांडं जरी वाजलं तरी दचकायला होत होतं. एका सकाळी सुष्मितानं आईला बरं वाटावं म्हणून टीव्ही लावला. लंडनच्या ऑलिंपिकमधली आदल्या रात्रीची भालाफेक दाखवत होते. नीलम्मा शाळेत असताना स्वतः भाला फेकायची. गडहिंग्लजच्या मैदानावर वेळूचा भाला, अनवाणी पाय, आणि तो पडला की उचलून आणायला धावणारा धाकटा भाऊ रुद्रेश. लग्न झालं तसा भाला माहेरीच राहिला. त्यामुळे तिची नजर टीव्हीवर अडकली. मोठमोठ्या देशांच्या दांडग्या गड्यांमध्ये एक एकोणीस वर्षांचं पोरगं उभं होतं. समुद्राकाठच्या गावातलं, मिसरूडही नीट न फुटलेलं. त्यानं भाला फेकला आणि तो सगळ्यांच्या पुढं जाऊन रुतला. आपण जिंकलो यावर त्याचा त्यालाच विश्वास बसेना. त्याचा तो चेहरा बघून नीलम्माला हसू फुटलं. खूप दिवसांनी फुटलं. सुष्मिता आईकडं बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी नीलम्मानं डंकाचं शटर वर केलं.

तेव्हापासून ती बेटं तिची झाली. पण तिच्या पोराचं नशीब पुढं तितकं सरळ चाललं नाही. रिओला त्याला कांस्य मिळालं, मग दुखापतींनी गाठलं. कधी अंतिम फेरीही हुकायची, पॅरिसात तर तो सातवा आला. "संपला आता तो," असं कुणी म्हणालं की नीलम्मा मसाल्याची पाटी जमिनीवर आपटून म्हणायची, "संपायला तो काय डब्यातला मसाला हाय व्हय?"

याच वेडापायी भावाबहिणीत फाटलं.

रुद्रेश फौजेत होता. सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि उचगावातच, बहिणीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर घर बांधून राहिला. नीरज चोप्रा म्हणजे त्याचं काळीज. देशाचा म्हणून तर होताच, वर फौजेचा माणूस. टोकियो ऑलिंपिकच्या सोन्याला त्यानं गल्लीत हलगी लावली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेत जागतिक स्पर्धा झाली. आपल्याकडं रविवारची सकाळ होती. रुद्रेश बायकोला, क्रांतीला, घेऊन अक्काकडंच टीव्ही बघायला आला. ग्रेनेडाच्या अँडरसन पीटर्सनं नव्वद मीटरच्या पार भाला टाकला आणि नीलम्मानं कसलाही विचार न करता जाग्यावरून उडी मारली.

"गेला! नव्वदच्या फुडं गेला! ह्येला म्हणत्यात फेक!"

नीरजला रौप्य मिळालं. भारताला त्या स्पर्धेतलं असलं पदक कितीतरी वर्षांनी मिळत होतं, रुद्रेशचे डोळे भरून आले होते. अशा वेळी सख्खी बहीण दुसऱ्याच्या नावानं टाळ्या पिटत होती.

"अक्का, तू कुणाची?" त्यानं विचारलं.

"भाला ज्याचा लांब जाईल त्याची," ती म्हणाली.

"देशाची न्हाईस?"

"देशाला मेडल मिळालं की रे. मी काय काढून घेतलं?"

"मग राहा तिकडंच तुझ्या बेटावर!" तो चपला पायात अडकवून निघून गेला. क्रांती बिचारी हातातला चहाचा कप तसाच ठेवून मागोमाग गेली.

दोघंही एकाच आईच्या पोटची, हट्टाला सारखीच. पहिल्या वर्षी भाऊबीजेला तो येईल म्हणून नीलम्मानं ताट करून ठेवलं, तो आला नाही. नागपंचमीला तो बोलवेल म्हणून ती थांबली, त्यानं बोलावलं नाही. पुढं दोघांनीही वाट बघणं सोडलं, निदान तसं दाखवलं तरी. रस्त्यात समोरासमोर आली की तो मोबाईल कानाला लावायचा आणि ती पदर सारखा करायची. तीन वर्षं गेली. डंकावर ती बेटांबद्दल तशीच बोलायची, पण एखादं सोनं आलं की आता घरी एकटीच टीव्हीपुढं बसून असायची. आनंद झाला की आधी दाराकडं बघायची सवय काही जाईना.

मग गेल्या सप्टेंबरात टोकियोत जागतिक स्पर्धा आली. भालाफेकीची अंतिम फेरी आपल्याकडच्या दुपारी होती. नीरज होता, पीटर्स होता आणि वॉलकॉटही होता. त्याच दिवशी सकाळी क्रांती डंकावर आली. हातात मिरचीची पिशवी नव्हती.

"वन्सं, आज तालमीच्या हॉलात मोठा पडदा लावलाय. ह्येनीच लावलाय. तुमी या."

"मी कशाला? भांडण करायला?"

"काल रातीपास्नं जेवलं न्हाईत. नीरजच्या पाठीचं दुखणं हाय म्हणं. हरला तर काय, हाच घोर लागलाय. बीपीच्या गोळ्या चालू हाईत, वन्सं. मला भ्या वाटतंय." क्रांती थोडी थांबली. "तुमी आलासा म्हंजे कुणावर तरी रागावता तरी येईल त्यास्नी."

नीलम्माला हसू आलं. दुपारपर्यंत तिनं मन लावून काम केलं, म्हणजे तसं करायचा प्रयत्न केला. एका बाईच्या मसाल्यात खोबरं टाकायचंच राहून गेलं. जेवणाच्या वेळेनंतर तिनं डंक बंद केला, तोंड धुतलं, धुवट साडी नेसली आणि निघाली. वाटेत तिनं बसवण्णाला मनोमन विनवलं. काय मागावं तेच कळेना. दोघंही जिंकू देत, असं मागणं देवाला तरी कसं घालायचं? शेवटी ती म्हणाली, "माझ्या भावाला काय हू देऊ नगंस." आणि मग हळूच, "आन् त्या पोराला बी."

हॉल गच्च भरला होता. पुढं पोरं तिरंगे घेऊन बसली होती. रुद्रेश पडद्याशेजारी छाती काढून उभा होता, परेडला असल्यासारखा. त्यानं अक्काला दारातून येताना पाहिलं. ओळख दाखवली नाही, पण मोबाईलही कानाला लावला नाही. नीलम्मा मागं बायकांत भिंतीला टेकून बसली.

सुरुवातीलाच सचिन यादवनं, भारताच्या दुसऱ्या गड्यानं, झकास फेक केली. हॉलात शिट्ट्या उठल्या. नीलम्मानंही मनापासून टाळ्या वाजवल्या. नीरजचा भाला मात्र जायला पाहिजे तिथं जाईना. पहिली फेक तोकडी. दुसरी जराशीच पुढं. आणि त्याच दुसऱ्या फेरीत वॉलकॉट पळत आला, अंग धनुष्यासारखं ताणलं आणि भाला सोडला. तो गेला, जातच राहिला. पडद्यावर त्याचं नाव सगळ्यात वर आलं. त्याच्याखाली पीटर्सचं.

नीलम्माचे दोन्ही हात वर उठले आणि तिनं ते पदरात दाबून धरले. तेरा वर्षं! मिसरूड न फुटलेलं ते पोरगं आता दाढीवाला बाप्या झालं होतं. आणि इथं शेजारच्या बाया कपाळाला हात लावून बसलेल्या. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि तिकडं भावाची मान खाली जाताना दिसत होती. दोन्ही एकाच वेळी. असला जाच तिनं कधी सोसला नव्हता.

नीरजची तिसरी फेक बाद. चौथी पहिल्यापेक्षाही मागं. वॉलकॉटनं आपलाच भाला आणखी पुढं नेला. पाचव्या फेरीला नीरजची फेक पुन्हा बाद झाली आणि तो स्पर्धेतून बाहेर पडला. आठवा.

नीलम्माच्या गालावरून पाणी ओघळलं, तिला ते कळलंही नाही. गेली कितीतरी वर्षं प्रत्येक स्पर्धेत पहिल्या दोघांत येणारा माणूस पाठीचं दुखणं घेऊन एवढ्या लांब उभा राहिला होता. भाला फेकणाऱ्याच्या पाठीत कळ आली की काय होतं, हे तिच्या अंगाला आजही आठवत होतं.

पुढची पोरं कपडे झटकत उठली. मंडळाचा पृथ्वीराज प्रोजेक्टर बंद करायला निघाला.

"चला, संपलं," तो म्हणाला. "आता काय बघायचं हाय?"

"हात लावू नगंस!" रुद्रेशचा आवाज परेडच्या मैदानावर चढावा तसा चढला. पृथ्वीराज जागच्या जागी थिजला.

"एक फेरी हाय अजून. आपला सचिन हाय तिच्यात." रुद्रेशनं घसा साफ केला. त्यानं मागं भिंतीकडं बघितलं, पहिल्यांदाच सरळ. "आन् तो त्रिनिदादवाला माझ्या अक्काचा पोरगा हाय. तो जितायला लागलाय. तिला बघू दे. बसा सगळी खाली."

सगळी बसली. बाया वळून नीलम्माकडं बघायला लागल्या. तिनं पदर तोंडावर ओढला.

शेवटची फेरी सुरू झाली. सचिनला पदक थोडक्यात हुकलं, हातभर अंतरानं. तो चौथा आला. "जगात चौथा! पयल्याच खेपेला!" रुद्रेश ओरडला, आणि हॉलमध्ये जीव आला. मग पीटर्स धावला. त्याचा भाला वॉलकॉटच्या खुणेच्या अलीकडंच पडला. संपलं होतं. वॉलकॉटची फेक अजून बाकी होती, पण सोनं त्याचंच होतं, आणि रौप्य ग्रेनेडाचं. दोन चिमुकली बेटं जगात पहिली आणि दुसरी.

नीलम्माला टाळी वाजवता येईना. कुणीतरी पहिली टाळी वाजवली. एकटीच, जाड, फौजी तळव्यांची. रुद्रेश बायकांमधून वाट काढत मागं आला होता आणि तिच्यासमोर उभा राहून टाळ्या पिटत होता.

"वाजीव की, अक्का! जितला की तुझा!"

"तम्मा," ती म्हणाली. लहानपणी ती त्याला कानडीत अशीच हाक मारायची, धाकट्या भावाला मारतात तशी. "तुझा नीरज... पाठ लई दुखत असंल रे त्येची."

रुद्रेश मटकन तिच्या शेजारी खाली बसला. इतका वेळ ताठ ठेवलेलं अंग त्यानं सैल सोडलं आणि डोळे पुसले. "दुखत्याली. तरी गेला मैदानात. फौजी हाय त्यो."

"हाय की. पुन्ना उठतोय बघ. हा बघ, तेरा वर्सांनी उठला."

"लई दम हाय गा तुझ्या पोरात," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू माझ्यावर सूड म्हणून त्यास्नी धरून बसलीयास."

"येडा का खुळा तू? तुझे भावजी गेल्यावर त्या पोरानं मला हसवलं. सोडतो व्हय मी त्याला?"

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. रुद्रेशनं पडद्याकडं बघितलं. वॉलकॉट खांद्यावर झेंडा घेऊन मैदानाला फेरी मारत होता.

"आधी सांगायचं न्हाईस?" रुद्रेश म्हणाला.

"तू इचारलंस व्हय? चपला घालून सुटलास."

क्रांती दोघांच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण उतरला होता. "आता जेवता का न्हाई?" तिनं नवऱ्याला दरडावलं. "पोटात कालपास्नं अन्न न्हाय."

"जेवतो. अक्काकडं जेवतो," रुद्रेश उठत म्हणाला.

"माझ्याकडं काय बी शिजवल्यालं न्हाय," नीलम्मा म्हणाली. "भाकरी टाकतो, तंवर बस."

तिघं हॉलबाहेर पडली. बाहेर ऊन उतरलं होतं. नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं रुद्रेशला लांबूनच विचारलं, "काय सुभेदार, कोण जितलं?"

"आमची अक्का!" रुद्रेश मोठ्यानं म्हणाला. हॉटेलवाल्याला काहीच कळलं नाही. नीलम्मानं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. घरापर्यंत दोघं मोठ्या आवाजात भांडत गेली, पुढच्या ऑलिंपिकला नीरज की वॉलकॉट यावर. क्रांती त्यांच्या मागून सावकाश चालत होती. भांडणाचा आवाज ऐकून दारादारांतून बाया डोकावून बघत होत्या, आणि त्यांना हात करून ती सांगत होती, "काय न्हाय वो. सगळं ब्येस हाय."