पाळण्यातला वरवंटा

मोहाटोल्याच्या कोतवालानं, म्हणजे पोचूनं, त्या सकाळी अशी दवंडी दिली की गावाची हसून हसून मुरकुंडी वळली.

"ज्याच्या घरी हाडावानी दिसणारा गोटा असंल, त्यानं शाळेत घेऊन या हो! फोडू नका, घासू नका, कुठी भेटला ते ध्यानात ठेवा हो!"

नव्याण्णव सालचा उन्हाळा होता. मोहफुलं वेचून झाली होती, हाताला काम नव्हतं, आणि फुकटची करमणूक कोण सोडतो? अख्खं गाव शाळेच्या पडवीत लोटलं. कुणी जात्याची तळी आणली, कुणी म्हशीचं शिंग. एकानं नाल्यातला गोल गोटा आणून हे अंडंच आहे म्हणून शपथ घेतली.

समोर बसल्या होत्या राजुऱ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या आयशाबाई. त्या कुणाला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माणूस नव्हता तेव्हाची जनावरं तुमच्या या लाल मातीत दगड होऊन पडली आहेत. आम्ही चार जण किती नाले फिरणार? तुम्ही रोज गुरामागं फिरता. तुमचे डोळे पाह्यजेत."

रुखमाबाई मात्र शाळेत गेली नव्हती. तिची लेक रंजीता बाळंतपणाला माहेरी आली होती, नातीचं बारसं परवावर आलं होतं. बारशाला आपल्याकडे पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, मग बाळ. तो वरवंटा म्हणजे बाळाचा थोरला भाऊ. त्याला न्हाऊ घालायचं म्हणून रुखमाबाईनं पाट्यामागच्या कोपऱ्यात हात घातला. कोपरा रिकामा होता.

तिच्या घरात वरवंटे दोन होते. एक मिरच्या वाटायचा. दुसरा कुणी हातात घेतलेला तिला खपत नसे. त्याला ती अंघोळ घाली, तेल लावी, आणि घरात कुणी नसलं की त्याच्या तुटक्या टोकाला ओठ लावी. ते टोक ओठांना चिकटे, ओढून धरी. लटारूला वाटे, बायकोनं तो अहेरीच्या हाटातून आणलाय आणि आता तिचं जरा डोकं फिरलंय.

हाटातला नव्हता तो. रुखमाबाईचा पहिला मुलगा दसऱ्याला जन्मला आणि बारशाच्या आत गेला. पाळणा टांगलेला होता, नाव ठेवायचं राहून गेलं. एवढ्या लहान जीवाला जाळत नाहीत. लटारूनं त्याला नाल्याच्या काठी पुरला, वर बोराटीचे काटे टाकले. बायकांनी तिकडे जायचं नसतं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर रुखमाबाई चोरून गेली, तर काठ ढासळलेला आणि मातीतून एक हाड बाहेर आलेलं. दगडासारखं जड आणि हातभर लांब. बाळाचं हाड हातभर कसं असेल, हे तिलाही कळत होतं. पण आईचं मन ते! तिनं मनाशी ठरवलं, माझं पोर मातीत वाढलं. तेच तिनं पदराखाली घरी आणलं आणि कुणी विचारू नये म्हणून वरवंट्यांत ठेवलं. पुढे रंजीता झाली, तेव्हा तिच्या पाळण्यात आधी तोच निजला. दुपारी घर सामसूम झालं की कोपऱ्यातून बारीक कुरकुर ऐकू येई. आपण वेड्या झालो नाही, हे रुखमाबाईला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिला जास्त भीती वाटे.

सकाळची दवंडी आठवून ती धावत शाळेत पोचली. लटारू सगळ्यांत पुढे छाती काढून उभा होता. आयशाबाईंच्या हातात तो वरवंटा होता, आणि बाईंनी त्याच्या तुटक्या टोकाला चक्क जीभ लावली.

"छी व माय!" कुणीतरी ओरडलं.

"साधा गोटा जिभेला चिकटत नाही," आयशाबाई म्हणाल्या. "असं जुनं हाड कधी कधी चिकटतं. आत बारीक छिद्रं असतात." मग त्यांनी दुसरं टोक उन्हाकडे फिरवलं. "पायाचं हाड आहे. आणि हे टोक पाहा, पुरतं पक्कं झालेलं नाही. वाढत्या वयाचं होतं. पिल्लू होतं हे."

रुखमाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"कुठं भेटलं?" बाईंनी विचारलं. "जागा कळली तर बाकीचंही मिळंल. नाला दरवर्षी काठ खातो. उशीर केला तर सारं वाहून जाईल."

"हाटातून आणला," रुखमाबाई म्हणाली आणि वरवंटा हिसकून घरी आली.

जागा दाखवली, तर कुदळी तिच्या बाळाच्या अंगावर पडणार होत्या. नाही दाखवली, तर नालाच त्याला नेणार होता. त्या दुपारी कोपऱ्यातली कुरकुर थांबेचना. पिल्लू होतं हे. त्याचीही कुणी आई असेल. ती त्याला हुडकत असेल का? आपणच त्याला उचलून आणलं का? बाईच्या जातीला हा विचार सोसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरवंटा बाळोत्यात गुंडाळून ती आयशाबाईंपुढे उभी राहिली. "चला," म्हणाली.

लटारू मागोमाग निघाला. नाल्याच्या वळणावर आल्यावर त्याचा चेहरा उतरला.

लाल दरडीत हाडाचं एक टोक दिसत होतं. बाईंबरोबरच्या माणसानं कुदळ उचलली, तशी रुखमाबाई दरडीला पाठ लावून उभी राहिली.

"इथी माहा पोरगा हाय," ती म्हणाली. "कुदळ नोका मारू, बाई. हातानं काढा. त्याले लागन."

आयशाबाईंनी माणसाला थांबवलं.  तेवढ्यात लटारू बोलला.

"तो इथी नाई वो."

"म्हंजे?" रुखमाबाईनं विचारलं.

"पयल्याच पुरात काठ गेला. मी पाहून आलो होतो. काटे नाई, काई नाई." त्याचा आवाज चिरकला. "तुले कसा सांगू? तू तं रोज नाल्याकडे पाहत बसे."

रुखमाबाईनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. इतकी वर्षं एका चुलीवर भाकरी खाल्ली, आणि दोघांनी एकमेकांपासून तेच एक दुःख लपवलं. तिला राग यायला हवा होता. तिला त्याची फक्त कीव आली. ज्या पुरानं पोर नेलं, त्याच पुरानं हे हाड तिच्या हातात दिलं होतं. ती खाली बसली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडली. नाल्यात ती कुरकुर कुठूनच ऐकू येत नव्हती.

मग ती बाजूला झाली.

उन्हं चढेपर्यंत आयशाबाईंनी माती कुंच्यानं झाडली, काठाचे फोटो काढले आणि दरडीतला तुकडा जपून सोडवला. रुखमाबाईनं बाळोतं उलगडलं. दोन्ही तुकडे एकमेकांना लावले, तर भेग अशी मिटली की जणू कधी तुटलंच नव्हतं.

"आम्ही अशा हाडांना आपसांत एक नाव ठेवतो," आयशाबाई हळूच म्हणाल्या. "ज्यानं शोधलं, त्यानं ठेवायचं. तुम्ही ठेवा."

रुखमाबाई सवयीनं तुटक्या टोकाला ओठ लावायला वाकली. पण ते टोक आता मिटलं होतं. मग बारशाला आत्या बाळाच्या कानाशी जाते, तशी ती हाडाच्या जवळ गेली. कुर्रर्र केलं.

"दसरू," ती म्हणाली.

लटारूनं तोंड फिरवलं.

तिनं ते बाळोत्यात नीट गुंडाळलं, एकदा छातीशी धरलं आणि आयशाबाईंच्या हातांवर ठेवलं. बाई ते घेऊन वळल्या, तशी रुखमाबाईनं घाईनं त्यांच्या कोपराला हात लावला.

"मान सांभाळा, बाई," ती म्हणाली. "लहान हाय."