उलटवलेल्या कॉलरीच्या तीन प्रती

विषय : पानावरून काढून टाकलेला लेख पुन्हा लावण्याबाबत.
संदर्भ : १) निळ्या चित्राच्या बाईंचा प्रश्न. २) संकेतस्थळाची सूचना, बिनसहीची. ३) आमची चार स्मरणपत्रं. त्यांना आलेली उत्तरं : निरंक.

वाचकहो, वरील विषयाला अनुसरून कळवतो, की मी एक लेख बोलतोय. सध्या मुक्काम ‘अप्रकाशित’ या कप्प्यात. इथे हवा येत नाही, वाचकही येत नाही. तसे बाहेर असतानाही फार येत नव्हते, पण निदान दार उघडं होतं.

माझं नाव ‘झिजलेली कॉलर उलटवून कशी शिवावी’. नावात चमक नाही, हे मला ठाऊक आहे. मला लिहिलं एका निवृत्त कारकुनाने, पण मी मूळचा त्यांच्या बायकोचा. तिने चाळीस वर्षं घरी बसून लोकांचे शर्ट शिवले. आता तिचे हात कापतात. सुईत दोरा ओवायला घेतला की दोरा एकीकडे आणि सुई दुसरीकडे. शिवणयंत्रावर झाकण पडलं आणि झाकणावर वर्तमानपत्रांची रद्दी.

मला जन्माला घालायची कल्पना लेकीची.

“बाबा, दिवसभर आईच्या चुका काढत बसण्यापेक्षा लिहा काहीतरी. लोक लेख वाचतात, शेजारी जाहिरात असते, तिच्या उत्पन्नातला वाटा लिहिणाऱ्याला मिळतो.”

“आणि वाचणाऱ्याला काय मिळतं?”

“ज्ञान.”

“मग वाटणीत काहीतरी गडबड आहे,” कारकून म्हणाले, पण चष्मा पुसायला घेतला. म्हणजे बेत पसंत होता.

बायकोने सांगायचं आणि त्यांनी लिहायचं, असं ठरलं. पहिल्याच परिच्छेदावर खटका उडाला.

“अहो, ‘तदनंतर’ कोण म्हणतं शिवताना? ‘मग’ लिहा.”

“लेख आहे तो.”

“कॉलर आहे ती. उसवायची, मधोमध टाचणी लावायची, मग उलटवायची. तुमच्या ‘तदनंतर’पर्यंत टाचणी टोचेल कुणाला तरी.”

असा मी ‘मग’सकट तयार झालो. कारकुनांनी स्वतः तीस वर्षं उलटवलेल्या कॉलरीत नोकरी केली आणि एकाही साहेबाला पत्ता लागला नाही. हे वाक्य त्यांनी माझ्या शेवटी घातलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं.

आता माझ्या दैवाची गोष्ट. सरकारी कागद कधी एकटा जन्माला येत नाही. एक मूळ, एक कार्यालयीन प्रत, एक माहितीसाठी. सवय हाडात मुरलेली. कारकुनांनी मला लेकीने दाखवलेल्या संकेतस्थळावर ‘शिवणकाम’ या गटात लावलं, माझी एक प्रत ‘घरगुती काटकसर’मध्ये, आणि एक ‘सर्वसाधारण माहिती’मध्ये. वर पुन्हा समाधानाने म्हणाले, “आता कागद हरवायचा नाही.”

तिथलं जग वेगळंच निघालं. तिथे सगळे लिहिणारे. वाचणारा कुणी नाही. रिवाज असा, की मी तुमचा लेख उघडतो, तुम्ही माझा उघडा. उघडायचा, खाली ‘सुंदर!’ लिहायचं, पुढच्या दारात जायचं. मला दिवसाकाठी वीस जण ‘सुंदर’ म्हणून जात. त्यातला एकही टाचणीपर्यंत पोचत नसे. शेजारच्या रिकाम्या जागेत नव्याकोऱ्या शर्टांची जाहिरात झळकायची. म्हणजे मी जुना शर्ट जगवायला बसलोय आणि माझ्या पोटासाठी नवा विकला जातोय. अशा संसारात माणूस थकतोच, लेखाचं काय घेऊन बसलात.

कारकून मात्र दुसऱ्यांचे लेख शेवटपर्यंत वाचत. ‘सुखी जीवनाचे सात मार्ग’ याखाली त्यांनी लिहिलं, “वाचले. मार्ग चार व मार्ग सहा एकच आहेत. सात भरत नाहीत.” त्या लेखकाने आमच्याकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आणि मग एके दिवशी माझ्याखाली खरा प्रश्न आला. विचारणाऱ्या बाईंच्या नावाच्या जागी नुसता निळा गोल होता. त्यांनी लिहिलं होतं : “वडील या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. शेवटच्या दिवशी आईने घेतलेला शर्टच घालायचा म्हणतात. आई आता नाही. तुमच्या रीतीने कॉलर उसवायला बसले, तर ती आधीच एकदा उलटवलेली निघाली. दोन्ही बाजू झिजल्या आहेत. आता काय करू?”

कारकुनांनी हे मोठ्याने वाचलं. बायकोने हातातली वाटी खाली ठेवली.

“याला म्हणतात प्रश्न,” ती म्हणाली. “लिहा. शर्टाचा मागचा घोळ असतो ना, जो पँटीत खोचला जातो? तिथलं कापड कापायचं. कधी ऊन लागलेलं नसतं त्याला. त्याची नवी कॉलर करायची. आणि घोळाला काहीही जोडा, कोण बघतंय!”

बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज यंत्रावर बसल्यासारखा सरळ चालला होता.

एवढंच लिहायचं होतं. पण कारकुनांनी आधी कच्चा मसुदा केला. मग पक्का. मग तो तिला वाचून दाखवला आणि तिने सुचवलेली दुरुस्ती समासात घेतली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी उत्तर टाकायला बसले, तर माझ्या जागी एक ओळ : “नक्कल आढळल्याने हा लेख काढला आहे.”

संकेतस्थळाच्या यंत्राला माझ्या तीन प्रती सापडल्या होत्या. मी दुसऱ्याची नक्कल, दुसरा तिसऱ्याची, तिसरा माझी. तिघांनाही एकाच दिवशी घरचा रस्ता दाखवला. माझ्याबरोबर माझ्याखालचा प्रश्नही गेला. कारकुनांचं खातं गोठलं.

“चार दिवस करत काय होतात तुम्ही?” बायकोने विचारलं.

“मसुदा.”

ती उठली आणि शिवणयंत्रावरच्या रद्दीत आणखी एक वर्तमानपत्र टाकून आली. त्यापेक्षा बोलणं परवडलं असतं.

लेकीने तिच्या खात्यावरून त्या बाईंना शोधून पाहिलं. तो निळा गोल संकेतस्थळ प्रत्येक नवख्याला देतं, तसे हजारो निघाले.

“बाबा, दुसऱ्या नावाने लेख परत टाकू या. कदाचित त्यांना सापडेल.”

“नाव मी का बदलू? चोरी केलीय का मी?”

“तसं नाही हो...”

“तसंच आहे. अर्ज करू.”

अर्जाच्या नमुन्यात अट होती : मूळ लेखकाचे संमतिपत्र जोडावे. कारकुनांनी स्वतःला विनंतीपत्र लिहिलं. स्वतःच ते सहानुभूतीपूर्वक विचारात घेतलं. स्वतःला संमती कळवली आणि स्वतःचे आभार मानले. चारही कागद जोडले. उलट टपाली यंत्राचं उत्तर आलं, “आपला अर्ज विचाराधीन आहे.” तेव्हापासून तो विचारातच आहे.

परवा दुपारी बायकोने यंत्रावरची रद्दी खाली काढली. कारकुनांचा एक जुना शर्ट घेतला आणि घोळ कापला.

“अगं, हात...”

“करून न बघता मी कुणाला कधी सांगितलं नाही. तुम्ही दोरा ओवा.”

त्यांनी दोरा ओवला. दोन दिवस लागले. कॉलर डावीकडे जरा चढलीय, शिलाई एका ठिकाणी वळण घेऊन परत आलीय. पण गळ्याला बसते. आज पाचवं स्मरणपत्र लिहिताना कारकुनांनी तोच शर्ट घातलाय. घोळाला लावलेला तुकडा फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्याचा आहे.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “आलं का काही?”

“नाही.”

“जमलं असेल का हो त्या बाईला?”

“उत्तर मिळालं असतं तर जमलं असतं.”

वाचकहो, मला पानावर परत जायची फार हौस उरलेली नाही. पण निळ्या चित्राच्या त्या बाई तुमच्या कुणाच्या ओळखीच्या निघाल्या, तर एवढंच सांगा : कापड मागच्या घोळातून घ्या. करून पाहिलंय, होतं.

आज सव्वीस तारीख, महिनाअखेर अजून यायची आहे. अर्ज प्रलंबित आहे.